शाळेसाठी संगणक घेताना: आधी काम ठरवा, मग माल पाहा

दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी सांगते, कापड सदऱ्याला हवे की गादीच्या खोळीला. मगच आपण थान उघडतो. शाळेसाठी संगणक घेताना मात्र आधी भाव विचारला जातो आणि काम नंतर आठवते. समाजाच्या शाळांना संगणक बहुधा वर्गणीतून किंवा एखाद्या व्यापारी बांधवाच्या देणगीतून मिळतात. हा पैसा अमानत आहे. म्हणून देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही या मालाची थोडी पारख करून घ्यावी.

संगणक कशावर चालतो, हे पहिल्यांदा पाहावे. यंत्रातील मूळ कार्यप्रणालीवरच बाकी सारे अवलंबून असते. शाळांसमोर आज मुख्यतः तीन पर्याय आहेत: विंडोज, लिनक्स आणि क्रोमबुक.

विंडोज सर्वांच्या ओळखीची आहे. दुकानाच्या हिशेबाचे टॅली आणि उर्दू छपाईचे इनपेज हे दोन्ही मुख्यतः विंडोजवर चालणारे. जी मुले उद्या पेढीवर किंवा छापखान्यात बसणार, त्यांना याचा सराव हवाच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे कार्यालयातून निघालेले जुने संगणक कोणी भेट दिले, तर त्यातील बरेचसे विंडोज ११ च्या कामाचे नसतात. भेट फुकट असली तरी तिचा पुढचा खर्च शाळेच्या माथी येतो.

अशा जुन्या यंत्रांना लिनक्स उपयोगी पडते. ती मोफत असते, कायदेशीरपणे कितीही यंत्रांवर टाकता येते आणि तिचे हलके प्रकार कमी ताकदीच्या यंत्रावरही चालतात. हे केवळ कागदावरचे नाही. केरळ सरकारने २००१ मध्ये 'आयटी अ‍ॅट स्कूल' योजना सुरू केली आणि पुढे सरकारी शाळांचे संगणक शिक्षण लिनक्सवर नेले. मात्र तेथे शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच धर्तीवर तयार झाली. नुसती लिनक्स टाकून खोलीला कुलूप लावले, तर फायदा शून्य.

क्रोमबुक सांभाळायला सोपे, पण खरे काम इंटरनेटवर. जेथे लाइन वरचेवर जाते तेथे ते अडते. गुगल त्याला दहा वर्षे सुधारणा देते, पण ही मुदत त्या यंत्राचा मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. स्वस्तात मिळणारा जुना साठा घेताना अखेरची तारीख पाहून घ्यावी.

उर्दू शाळांसाठी आणखी एक मुद्दा. नस्तालिकसाठी इनपेजच पाहिजे असे आता नाही. युनिकोडमधली उर्दू तिन्ही ठिकाणी लिहिता येते आणि नोटो नस्तालिक उर्दूसारखे फाँट मोफत मिळतात. मराठीचेही तसेच. मुलांनी युनिकोडमध्ये लिहिले, तर यंत्र बदलले तरी लिखाण वाया जात नाही.

दुकानदार सहज म्हणतो, "सगळे सॉफ्टवेअर टाकून देतो, वेगळे पैसे नकोत." ही बहुधा चोरीची नक्कल असते. त्यातून विषाणू येतात, सुधारणा मिळण्याचा भरवसा राहत नाही. आणि जेथे आपण मुलांना हलाल कमाईचा सबक देतो, तेथे पहिला धडा चोरीच्या मालावर गिरवावा काय? बिलात परवान्याची नोंद मागावी. परवडत नसेल तर मोफत लिनक्स आणि लिब्रेऑफिस घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

माझे मत असे: टॅली आणि छपाईसाठी दोन-चार यंत्रांवर परवान्याची विंडोज ठेवावी, बाकीच्यांवर लिनक्स. ऑर्डर देण्यापूर्वी समितीने चार प्रश्न विचारावेत. मुले यावर काय शिकणार? शिकवणार कोण? सुधारणा किती वर्षे मिळणार? बिघडल्यास गावात दुरुस्ती होईल काय? या चारांची उत्तरे मिळाल्यावरच भावाची बोलणी करावीत.