तार छेडायची कशाने?

तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. त्याची एकुलती तार लाकडाच्या लहानशा तुकड्याने छेडतात. नुसत्या बोटाने का नाही? करून पाहा. बोटाच्या मऊ टोकावरून तार हळूच निसटते; ताणलेल्या तारेचा कोन गोलसर असतो. मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर दबतात, आवाज मवाळ येतो. कठीण टोकाने कोन तीक्ष्ण होतो, तार झटकन सुटते आणि वरचे स्वरही खणखणतात. संबळाच्या गजरात हेच हवे!

गिटारच्या पिकचेही असेच. अर्ध्या मिलिमीटरचे प्लॅस्टिक वाकते. साऱ्या तारा झपाझप छेडायला ते सोयीचे. पण खर्जाच्या जाड तारेपुढे ते नमते. तिथे मिलिमीटरभर जाडीचे, ताठ पिक घ्यावे. मात्र त्याची कड घासून गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर स्वराआधी खरखरच ऐकू येते.