झाडांची सावली आणि घराचं दार

अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या पश्चिम वेशीला लागून ओक पार्क नावाचं एक उपनगर आहे. सरकारदरबारी आजही त्याची नोंद ‘गाव’ अशीच. जेमतेम १२ चौरस किलोमीटरचा पसारा आणि सुमारे ५४ हजारांची वस्ती. रस्त्याच्या दुतर्फा मोठाली झाडं, घरापुढं हिरवळ आणि शहरात कामाला जायला हाताशी लोकल गाडी. फ्रँक लॉइड राइट हा थोर वास्तुशिल्पी इथं राहिला. अर्नेस्ट हेमिंग्वेचा जन्म १८९९ साली इथलाच. घर असावं तर अशा जागी, असं कुणालाही वाटावं.

डॉ. पर्सी ज्युलियन यांनाही तसंच वाटलं. काचबिंदूवर उपयोगी पडणारं एक औषध १९३५ साली प्रयोगशाळेत तयार करणारे आणि सोयाबीनपासून संप्रेरकं बनवणारे हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. पण ते कृष्णवर्णीय होते. १९५० साली त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं. कुटुंब राहायला येण्याआधीच ते पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी मुलांच्या खोलीच्या दिशेनं डायनामाइट फेकलं गेलं. विद्या, मान आणि पैसा असूनही ही गत! तरी ते कुटुंब तिथून हललं नाही. आज तिथल्या एका शाळेला ज्युलियन यांचं नाव आहे.

पुढं साठच्या दशकात शेजारच्या ऑस्टिन भागात एक निराळाच धंदा चालला. दलाल गोऱ्या घरमालकांना गाठून सांगत, ‘कृष्णवर्णीय येऊ लागलेत, भाव पडतील, आत्ताच विका.’ घाबरलेल्यांची घरं स्वस्तात घ्यायची आणि कृष्णवर्णीयांना चढ्या भावानं विकायची. थोड्याच वर्षांत गल्ल्याच्या गल्ल्या बदलून गेल्या. म्हणजे शेजार मोडला तो द्वेषापेक्षाही भीतीनं, आणि त्या भीतीवर कुणीतरी कमाई करत होतं.

ओक पार्कनं हे ओळखलं. मे १९६८मध्ये गावानं नियम केला की वंश किंवा धर्म पाहून घर नाकारता येणार नाही. घरांपुढं ‘विकणे आहे’ अशा पाट्या लावायला बंदी झाली, कारण एका रांगेत चार पाट्या दिसल्या की पाचवा घाबरतो. १९७२ साली रॉबर्टा रेमंड यांनी गृहनिर्माण केंद्र सुरू केलं. घर शोधत आलेल्यांना निरनिराळ्या गल्ल्या दाखवायच्या, म्हणजे गोऱ्यांची एक आळी आणि काळ्यांची दुसरी असं होणार नाही, ही त्यामागची कल्पना. १९७८ साली तर गावानं घराच्या किमतीची हमीच देऊ केली. नाव नोंदवून पाच वर्षं राहिल्यावर तोट्यात घर विकावं लागलं, तर ८० टक्के तोटा भरून मिळणार होता. गंमत अशी, की ती भरपाई द्यायची वेळच आली नाही. हमी मिळाली आणि भीती ओसरली.

आपल्याकडं मुंबई-पुण्याच्या झाडीतल्या सोसायट्यांत घर मागायला गेलं की माझं कवी असणं चालतं, मराठी बोलणं आवडतं, पण पूर्ण नाव सांगितलं की ‘जागा कालच गेली’ असं कळतं. धर्म पाहून भाडेकरू नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट रोखणारा देशव्यापी कायदा आपल्याकडं नाही. उलट, ठरावीक समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा अहमदाबादच्या एका सोसायटीचा नियम सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली मान्य केला.

ओक पार्क म्हणजे स्वर्ग नव्हे. आज तिथली घरं महाग आहेत, मालमत्ता कर भारी आहे. वंशानं अडवलेलं दार उघडलं, तरी पैशानं अडवलेलं पुष्कळांना बंदच आहे. पण एक गोष्ट त्या गावानं दाखवून दिली. चांगला शेजार नुसत्या सद्भावनेच्या भाषणांनी टिकत नाही. त्यासाठी नियम लागतो, हमी लागते, पाट्यांसारख्या बारीकसारीक गोष्टींचाही विचार करावा लागतो. झाडं लावून वाढवतो तसाच शेजारही वर्षानुवर्षं पाणी घालून वाढवावा लागतो.