दगड जड आहे, म्हणजे तो पक्का आहे का?

तुम्ही अमिरातीत राहत असाल, तर सुट्टीच्या दिवशी अल ऐनच्या जबल हफीतवर गाडीने एकदा तरी गेला असाल. पुढच्या वेळी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मझ्यदच्या बाजूला थांबा. उलट्या टोपलीसारखी दगडी थडगी तिथे दिसतील. ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांतली काही ढासळली होती आणि पुरातत्त्वज्ञांनी ती पुन्हा रचली. तिथून जवळच हिली येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मोठे गोल थडगे आहे. त्याचा व्यास सुमारे १२ मीटर, उंची जेमतेम ४ मीटर. या सगळ्या स्थळांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्यांचा आकार नीट पाहा: पाया रुंद, उंची कमी. आता एखाद्या आधुनिक दफनभूमीतली स्मृतिशिला आठवा: उंच, पातळ, गुळगुळीत ग्रॅनाइटची. या दोन आकारांतल्या फरकाने मुलांचे जीव गेले आहेत.

जुलै २००० मध्ये इंग्लंडमधल्या हॅरोगेट इथल्या दफनभूमीत थडग्यावरचा दगड अंगावर पडून सहा वर्षांचा मुलगा दगावला. मे २०१५ मध्ये ग्लासगोच्या क्रेगटन दफनभूमीत मित्रांबरोबर खेळणारा आठ वर्षांचा मुलगा अशाच अपघातात गेला. “एवढा जड दगड मुलाच्या हाताने पडेलच कसा?” हा आपला पहिला प्रश्न असतो. उत्तरासाठी थोडे गणित करू.

पाच किलोचा धक्का

समजा, शिळा १ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर जाड आहे. ग्रॅनाइटच्या एका घनमीटरचे वजन साधारण २,७०० किलो असते. म्हणजे ही शिळा झाली सुमारे १३० किलोची. दोन माणसांनाही उचलायला अवघड.

पण पाडायचे म्हणजे उचलायचे नसते, फक्त कडेवर कलते करायचे असते. शिळेचे वजन तिला जागेवर धरून ठेवते, पण त्याला तरफ मिळते ती जाडीच्या निम्मी, म्हणजे ४ सेंटिमीटर. वरच्या टोकाला ढकलणाऱ्या हाताला मिळते १०० सेंटिमीटरची. १३० ला ४ ने गुणा आणि १०० ने भागा: उत्तर येते ५.२ किलो. शिळा नुसतीच पायावर ठेवलेली असेल, तर इतका जोर पहिलीतल्या मुलाकडेही असतो.

ती शिळा आधीच २ अंश झुकलेली असेल, तर झुकलेल्या बाजूला पाडायला तीन किलोचा जोर पुरतो. साडेचार अंशांच्या थोडे पुढे गेली, की ती आपोआपच कोसळते. जमिनीवर आदळताना तिच्या वरच्या कडेचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. तोवर मागे सरायला मुलाला वेळच मिळत नाही.

म्हणजे शिळा उभी राहते ती वजनामुळे नव्हे, तर सांध्यामुळे. पायात बसवलेली धातूची खुंटी, चुना किंवा सिमेंट आणि खालची घट्ट जमीन, या तिघांवर सगळी भिस्त. यातले एक जरी गेले तरी वरून काही दिसत नाही.

तपासणी कशी होते?

ब्रिटनमध्ये सार्वजनिक दफनभूमींतल्या शिळांची ठरावीक काळाने तपासणी होते. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतात: शिळा झुकली आहे का, सांध्यात फट आहे का, भोवतालची जमीन खचली आहे का. मग तपासणारा एका बाजूला उभा राहून, दगड आपल्या अंगावर येणार नाही अशा बेताने, हाताने हळूहळू जोर लावतो. जोर मोजणारे यंत्रही असते. त्याने साधारण २५ ते ३५ किलोचा दाब देऊन शिळा हलते का ते बघतात. फार उंच स्मारकांसाठी इंजिनिअरला बोलावतात.

हॅरोगेटनंतर मात्र काही ठिकाणी अतिरेक झाला. नगरपालिकांनी सरसकट शिळा आडव्या पाडून ठेवल्या. फुले घेऊन आलेल्या लेकीला आईचे नाव गवतात आडवे पडलेले दिसावे, ही गोष्ट नियमात बसली तरी मनाला लागणारच. तक्रारी इतक्या वाढल्या, की २००६ मध्ये इंग्लंडच्या लोकपालांना यावर खास अहवाल काढावा लागला. जानेवारी २००९ मध्ये न्याय मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा मथितार्थ असा: धोका एकूण फार कमी आहे, म्हणून उपायही बेताचा हवा, शक्यतो कुटुंबाला आधी कळवा. पण ढिले पडलात तर काय होते, ते क्रेगटनने सहा वर्षांनी दाखवले. त्यानंतर २०१९ मध्ये स्कॉटलंड सरकारनेही स्वतंत्र सूचना काढल्या.

वाळू, मीठ आणि पाऊस

अमिरातीतल्या मुस्लिम कबरस्तानांत हा प्रश्न फारसा येत नाही. तिथली कबर म्हणजे मातीचा बुटका उंचवटा आणि खुणेचा साधा दगड. शेख झायद यांची अबू धाबीतली कबरसुद्धा साधीच आहे. कोसळण्यासारखे तिथे काही नसतेच.

पण जिथे उभी शिळा बसवली जाते, तिथे आखातातली जमीन सोपी नाही. किनाऱ्याजवळ ‘सबखा’ म्हणजे खारट सपाट जमीन असते. तिथे भूजल वरच असते, ते उन्हाने वाफ होऊन उडते आणि मीठ मागे राहते. हे मीठ काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या साध्या पोलादाचे संरक्षक कवच मोडते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगते आणि दगडाला आतून तडा देते. म्हणून खुंटी स्टेनलेस स्टीलचीच हवी.

पावसावरही भरवसा नको. १६ एप्रिल २०२४ चा पूर तुम्हाला आठवत असेल. अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. सैल वाळूत असे पाणी मुरले की ती बसते, आणि वरचा पाया कलतो.

आपला काय संबंध?

आपल्यात दहन करणारे अनेक आहेत, पण सगळेच नाहीत. वसईची ख्रिस्ती कुटुंबे, कोकणी मुसलमान, लिंगायत, नाथपंथी, गोसावी यांच्याकडे दफनाची किंवा समाधीची परंपरा आहे. आणि परदेशात मित्राला निरोप द्यायला कधी ना कधी आपण सगळेच दफनभूमीत जातो, पुष्कळदा मुलांना घेऊन.

पुण्याजवळची खडकीची वॉर सिमेट्री सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिळांची रांगच्या रांग जमिनीखालच्या काँक्रीटच्या तुळईत बसवायची, आणि गॅलिपोलीसारख्या जिथे जमीनच भरवशाची नाही अशा ठिकाणी बुटके, उतरते दगड ठेवायचे. जबल हफीतच्या कारागिरांनीही उंचीपेक्षा बुंध्यावरच भर दिला होता.

तेव्हा घरातल्या कोणासाठी शिळा करवून घेताना नक्षीआधी तीन गोष्टी विचारा: खुंटी कशाची, पाया किती खोल, आणि उंची थोडी कमी करता येईल का? भेटीला गेलात तर झुकलेली शिळा स्वतः हलवून पाहू नका, व्यवस्थापनाला कळवा. आणि दफनभूमीत शिरताना मुलाचा हात धरा, म्हणजे तो आधारासाठी दगडाला धरणार नाही.