झालर पेटते, तेव्हा जळतं काय?

तेलंगणातल्या भैंसा गावी कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला आगीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी उडते. ती रुईच्या गठाणीत दडली, तर बाहेरून काही न दिसता आत दिवसेंदिवस धुमसत राहते. म्हणून तिथं बिडी ओढायला सक्त मनाई. तोच कापूस कापड होऊन फंक्शन हॉलच्या छताला झालर म्हणून लटकला की मात्र त्याची धास्ती कुणाला वाटत नाही. वर हॅलोजन, खाली आरतीचं ताट, मधे टेपानं गुंडाळलेले वायरींचे जोड.

खरं तर कापड थेट जळतच नाही. साधारण 300 ते 350 अंश सेल्सियसला कापसातलं सेल्युलोज फुटतं, त्यातून ज्वलनशील वाफा निघतात आणि पेट घेतात त्या वाफा. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के. कापसाला जळत राहायला 18 टक्केही पुरतो. त्यामुळे उभी लोंबणारी झालर खालून पेटली की ज्वाळ वरचं कापड आधीच तापवून ठेवते आणि बघता बघता छताला भिडते.

यावरचा उपाय दोनशे वर्षं जुना आहे. पॅरिसची नाट्यगृहं वारंवार जळत, म्हणून रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी 1821 मध्ये अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड भिजवून पाहिलं. आपल्याकडे मंडपांसाठी सांगितलं जाणारं मिश्रण त्याच कुळातलं: वजनानं अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, टाकणखार 1, बोरिक ॲसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. तापल्यावर हे क्षार सेल्युलोजमधलं पाणी काढून घेतात. वाफांऐवजी मागं कोळसा उरतो. टाकणखार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतो. कापड काळं पडतं, पण आग पुढं सरकत नाही. यात महागडं काहीच नाही. अडचण एवढीच, की हे क्षार पाण्यात विरघळतात. एक धुणं किंवा एक जोरदार सर, की सगळं वाहून गेलं. गेल्या हंगामात भिजवलेल्या कापडाचं प्रमाणपत्र या हंगामात दाखवणं म्हणजे निव्वळ धूळफेक!

पॉलिस्टर आणि थर्माकोलपुढं तर हे द्रावण जवळजवळ हतबलच. पॉलिस्टर 260 अंशांच्या आसपास वितळतं. थर्माकोल शंभर अंशांलाच मऊ पडतो, मग पेटते थेंब गाळतो आणि काळाकुट्ट धूर सोडतो. महाराष्ट्रानं 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली ती प्रदूषणासाठी. माझ्या मते आगीचं कारणही तेवढंच सबळ होतं.

हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम धाग्यांचा शामियाना पेटून माणसांवर कोसळला. 400 हून अधिक जीव गेले, त्यात मुलंच फार. याउलट 14 फेब्रुवारी 2016 ला गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लावणी चालू असताना अख्खं व्यासपीठ जळालं, पण कुणीही दगावलं नाही. समोर मोकळी वाळू होती, डोक्यावर छत नव्हतं. मुंबईतच 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, तेव्हा 14 जण गेले. त्यातले बरेच स्वच्छतागृहात अडकून, धुरानं गुदमरून.

भारतीय मानक ‘आयएस 8758’ म्हणूनच कापडाइतकीच वाटेची काळजी घेतं. मंडपाचं छत किमान 3 मीटर उंच हवं, बाहेर पडायला निदान दोन वाटा हव्यात आणि कुठूनही वाटेपर्यंतचं अंतर 15 मीटरच्या आत हवं. आपले डेकोरेशनवाले नेमकं उलटं करतात. मागचं दार ‘बरं दिसत नाही’ म्हणून पडद्यानं झाकतात, त्यापुढं सोफा मांडतात.

कापडाची परीक्षा मात्र कुणालाही घेता येते. बोटभर रुंदीची चिंधी कापून उघड्यावर, पाण्याच्या बादलीवर चिमट्यानं धरायची. खालच्या टोकाला बारा सेकंद ज्वाळ लावून काढून घ्यायची. चिंधी काळी पडून लगेच विझली, तर ठीक. जळतच राहिली, तर तो तागा पुन्हा द्रावणात बुडवा. आणि पेटते थेंब बादलीत चर्रकन पडू लागले, तर ते कापड छताला नको, भिंतीलाही नको. मंडपवाल्याला सरळ परत न्यायला सांगा.