मूतखड्याची कळ, तपासणी आणि चौविहार

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पेढीवरचा माणूस घामाने निथळतो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाणीही लांबणीवर टाकतो, लघवीही. सूर्यास्तानंतर तर चौविहार. लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षार खडे धरू लागतात. दोष व्रताचा नव्हे. दिवसाउजेडी पुरेसे पाणी न पिण्याचा आहे. एकदा खडा झालेल्याला चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी लागते.

खरा पेच पडतो तो रात्री कळ उठली म्हणजे. पाठीत बरगडीखाली सुरू होऊन जांघेकडे उतरणारी ही वेदना माणसाला कोणत्याच कुशीवर टिकू देत नाही. सात रस्ता परिसर गाठावा, तर सोनोग्राफीसाठी “भरपूर पाणी पिऊन या” असे सांगतात. चौविहार केलेल्या श्राविका येथे अडखळतात आणि सकाळपर्यंत सोसत राहतात. वस्तुतः भरलेले मूत्राशय लागते ते मुख्यतः मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा दिसावा म्हणून. मूत्रपिंडाला सूज आहे की नाही, हे त्याविनाही कळते. साध्या सीटी स्कॅनला तर शिरेतून औषधही द्यावे लागत नाही. शिवाय पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. तीव्र वेदनेत समाधी राखण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. गुरुमहाराजांना हे आधीच विचारून ठेवावे.

कोणती तपासणी प्रथम? सीटी सर्वांत अचूक. बारीक खडाही सुटत नाही. मात्र तिच्यात क्ष-किरणांचा मारा असतो. अमेरिकेतील १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील २,७५९ रुग्णांवरील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीने सुरुवात केल्याने गंभीर धोका वाढला नाही, किरणोत्सर्ग मात्र कमी झाला. म्हणून तरुणांना आणि विशेषतः गर्भवतींना सोनोग्राफीच आधी. साध्या एक्स-रेवर विसंबू नये. युरिक अ‍ॅसिडचे खडे त्यात दिसत नाहीत.

प्रत्येक कळ खड्याचीच असते असेही नाही. साठीपुढच्या माणसाला अशी कळ प्रथमच आली, तर पोटातील महाधमनी फुगलेली नाही ना, हे पाहावेच लागते. कळीसोबत थंडी वाजून ताप आला, तर अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेथे एक रात्रही थांबू नये. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी रिचवल्याने खडा ढकलला जातो, ही समजूत निराधार आहे.

रिपोर्टमध्ये मिलिमीटरचा आकडा पाहावा. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात; दहाच्या पुढचे क्वचितच. आपल्या घरांत दहा वर्षांपूर्वीचे बिल मिनिटात सापडते, मागच्या वर्षीची सोनोग्राफी मात्र सापडत नाही. तारीखवार फाइल असली, तर खडा वाढला की तेवढाच आहे, हे डॉक्टरांना लगेच समजते आणि पुष्कळदा दुसरी सीटी टळते.