डिस्कची वाटणी

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावात, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला हा पहिला प्रयोग. यंत्रात लिनक्स होतं, हार्ड डिस्क नव्हतीच, साठवणीला अवघी १ जीबी फ्लॅश मेमरी. मे २००८मध्ये त्याच यंत्रावर विंडोज एक्सपी चालवण्याचा करार जाहीर झाला, तेव्हा अडलं ते जागेपाशी. एक्सपीला वेगळं एसडी कार्ड लावणं भाग होतं.

आज कुठल्याही घरातल्या जुन्या लॅपटॉपवर याच्या कित्येक पट जागा आहे, आणि दुसरी सिस्टिम कुठे बसवायची हा प्रश्न पुन्हा दारात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. बरीच जुनी यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. मुलं म्हणतात, शेजारी लिनक्स टाकू. टाकावं, पण आधी वाटणी नीट करावी.

वाटणीची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात असते. जुनी एमबीआर पद्धत १९८३ची: मुख्य विभाग चारच, आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा तिला दिसत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ विभागांची सोय असते आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. नोंद खोडली तरी जमीन जागेवरच राहते, म्हणून चुकून उडवलेला विभाग पुष्कळदा परत मिळतो. त्यावर नवं काही लिहिलं, की मात्र आशा सोडा.

माझं मत स्पष्ट आहे: दोन सिस्टिमना दोन विभाग द्या आणि फोटो, कागदपत्रं, गाणी यांच्यासाठी तिसरा ठेवा. सिस्टिम बिघडली तर ती पुसून पुन्हा टाकता येते, लग्नाचे फोटो नाहीत. या तिसऱ्या विभागाची भाषा, म्हणजे फाइल सिस्टिम, दोघींना कळायला हवी. लिनक्सची ईएक्सटी४ विंडोजला आपणहून वाचता येत नाही. एफएटी३२ दोघींना कळते, पण तिच्यात ४ जीबीची एक फाइलही मावत नाही, मग लग्नाचा व्हिडिओ बाहेरच. उरतात एनटीएफएस आणि एक्सफॅट. लिनक्सच्या गाभ्यात एनटीएफएसवर लिहिण्याची चांगली सोय २०२१मध्ये, ५.१५ आवृत्तीत आली. घरच्या यंत्राला मी एनटीएफएसच सुचवेन. वीज अचानक गेली तर ती एक्सफॅटपेक्षा बरी सावरते. लिनक्सच्या फाइल-परवानग्या मात्र तिच्यावर जशाच्या तशा टिकत नाहीत, म्हणून लिनक्सचा होम फोल्डर तिथे हलवू नये.

आणि एक छुपी खोड. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपते आणि विभाग आपल्या ताब्यात ठेवते. मग लिनक्समध्ये तो फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, किंवा उघडतच नाही. ही सोय आधी बंद करा. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोजचा विभाग लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. मोकळी झालेली जागा तशीच सोडा, लिनक्सचा इन्स्टॉलर ती घेतो. ईएफआय नावाचा छोटा विभाग दिसेल, साधारण १०० एमबीचा. दोन्ही सिस्टिम तिथूनच सुरू होतात. त्याला 'फालतू' समजून पुसणारे महाभाग असतात.

हे काम विजा कडाडत असताना काढू नये. विभाग सरकत असताना लाइट गेली तर डेटा अर्ध्या वाटेत राहतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस, आणि त्याही आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर.

सगळं नीट झाल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेलं दिसू शकतं. घाबरू नका. यंत्रातल्या घड्याळाला विंडोज स्थानिक वेळ समजते आणि लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एका आज्ञेने तिलाही स्थानिक वेळ मानायला लावता येतं.