जबड्याचे सलग चित्र

बंगळूरच्या के. आर. पुरम भागात काय किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत काय, अक्कलदाढेने बेजार झालेल्या माणसाला दंतवैद्य हल्ली ‘ओपीजी काढून आणा’ असे सांगतो. ‘ऑर्थोपँटोमोग्राम’ या भारदस्त नावाचे हे सुटसुटीत रूप. रुग्णाने हनुवटी टेकवून स्थिर उभे राहावयाचे. क्ष-किरणांची नळी त्याच्या मस्तकाभोवती फिरते आणि पंधरा-वीस सेकंदांत कानापासून कानापर्यंतचा जबडा एका सपाट चित्रावर उलगडतो.

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी वॉल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, तेव्हा त्याला २५ मिनिटे निश्चल राहावे लागले होते. परंतु जबडा पडला नालेच्या आकाराचा. बाजूने चित्र घ्यावे तर डावी बाजू उजवीवर पडते. फिनलंडच्या पाटेरो यांनी ही अडचण दूर केली. धावत्या आगगाडीतून दूरच्या एका झाडावर नजर खिळवली की जवळचे खांब पुसट होतात, तसेच येथे घडते. नळी व फिल्म यांची गती अशी जुळवलेली असते की जबड्याचा वक्र पट्टा तेवढा स्पष्ट उमटावा. म्हणूनच मान किंचित पुढे सरकली तरी पुढचे दात चित्रात अरुंद दिसतात.

या चित्राचे खरे मोल अपघातात कळते. मूल हनुवटीवर पडते, जखमेला टाके घातले जातात आणि घरचे निश्चिंत होतात. पण आघात वर पोचून कानाजवळचा सांधा मोडलेला असू शकतो. तो दुर्लक्षित राहिल्यास पुढे सांधा जखडतो, तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढ खुंटते. एका चित्राने हे टळू शकते. त्यातील किरणोत्सर्ग निसर्गतः काही दिवसांत आपल्याला मिळतो तेवढाच असतो.

मात्र दोन दातांमधील बारीक कीड यात अनेकदा निसटते. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातील आरंभीचा कर्करोग तर यात दिसतच नाही; त्यासाठी तोंड उघडून डोळ्यांनीच पाहावे लागते. चित्र निर्दोष आले म्हणून तो निर्धास्त झाला, तर ते त्याच्या जिवावर बेतेल.

आणखी एक लहानशी सूचना. यंत्रापुढे जाताना कानांतील कुड्या काढून ठेवाव्यात. नाहीतर डाव्या कानातली कुडी चित्रात उजवीकडे, थोडी वर, छायेसारखी उमटते आणि नेमका पाहावयाचा भाग झाकते.